कार्यक्रम रद्द झाले की तबल्याची गवसणी का निघत नाही

तू जे विचारलंयस ते थोडक्यात असं, की तू कोपरखैरण्याला राहतोस, ऐरोलीला नोकरी, दहा वर्षं तबला शिकलायस आणि एका सुगम संगीताच्या ग्रुपमध्ये साथीला बसतोस. यंदा गणपतीतले दोन, कोजागिरीचा एक आणि दिवाळी पहाट असे चार कार्यक्रम लागोपाठ रद्द झाले, एक पावसामुळे, एकात स्पॉन्सर मागे हटला, एका हॉलचं काम निघालं आणि पहाटेच्या गायिका आजारी पडल्या. तेव्हापासून तू तबल्यावरची खोळ, म्हणजे गवसणी, काढलेली नाहीस. बसावंसंच वाटत नाही, ऐकणार कोण, आणि घरात जास्तीचा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात लागणारा) तबला पडून आहे तो विकून टाकू का, असंही विचारलंयस.

विकायचं शेवटी बोलू. आधी एक सांगतो की हा आळस नाहीये. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, बत्तीस वर्षं साथ करतोय आणि त्यातली बरीच वर्षं शिकवतोयही, आणि माझ्याकडची चांगली, मेहनती मुलं अशीच अचानक थांबलेली मी बघितली आहेत. जी मुलं कार्यक्रम मनापासून करतात तीच थांबतात. ज्यांना फारसं काही वाटत नाही त्यांना कार्यक्रम झाला काय आणि रद्द झाला काय, सारखंच. तुझा हात थांबला कारण तुझा जीव त्यात होता. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस नाही बसलास तर स्वतःला बोल लावू नकोस. वाईट वाटण्यासारखीच गोष्ट आहे, वाईट वाटू दे. पण तुझं आता दोन महिन्यांच्या वर गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझंच सांगतो. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. ठाण्यातला पाडवा तुला माहितीये, कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा, तलावपाळीला ढोल-ताशे, आणि आमच्यासारख्यांना आदल्या संध्याकाळपासून कार्यक्रम. तोच लॉकडाऊनचा पहिला दिवस होता. माझ्या डायरीत पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत नऊ तारखा होत्या, त्या मी पेनाने एकेक खोडल्या, आणि पंधरा दिवस तबल्याला हात लावला नाही. बायकोने विचारलं तर म्हणायचो की पेटी नाही गायक नाही, कशाला वाजवू. म्हणजे तू आज जे विचारतोयस ना, शब्द वेगळे पण तेच.

मग एप्रिलमध्ये एका विद्यार्थ्याला धडा पाठवायचा होता म्हणून फोनवर एक कायदा, म्हणजे तबल्यावरची एक बांधलेली बोलरचना, रेकॉर्ड केला, त्यात तिरकिट हा बोल होता. पाठवण्याआधी सहज ऐकला. कुठेतरी खटकलं पण नक्की काय ते कळेना, म्हणून स्पीड अर्धा करून ऐकला, आणि मला स्वच्छ ऐकू आलं की मी तिरकिट वाजवतच नाहीये, मी 'तिकिट' वाजवतोय. र नाहीच! ति मधल्या बोटाचा, र तर्जनीचा, कि डाव्या हाताचा, ट परत मधल्याचा, हे मी शेकडो मुलांना शिकवलंय, आणि माझी स्वतःची तर्जनी द्रुत लयीत शाईवर, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावर, पडतच नव्हती, नुसती वरून घासून जात होती. किती वर्षं तसं चाललं होतं देव जाणे. दर आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम, समोर माइक, साउंडवाला डग्ग्याचा घुमारा वाढवून देतो, भावगीताच्या गडबडीत तेवढ्या एका र कडे कोणाचं लक्ष जाणार? टाळ्या येत होत्या, पुढचं बोलावणं येत होतं, मी समजत होतो माझा हात तयार आहे.

त्या दिवशी फार लागलं मनाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी न सांगता तबल्यापुढे बसलो होतो, हे मला आजही लख्ख आठवतं. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला पन्नासवर. एका ठोक्याला एकच बोल. ति. र. कि. ट. दहा मिनिटं फक्त तेवढंच, आणि र च्या वेळी तर्जनी खरंच उचलली जातेय ना, स्वतःच्या वजनाने पडतेय ना, हे डोळ्यांनी बघत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला जरा कळायला लागलं, मग एका ठोक्याला दोन, मग चार. लय वाढवली की र परत गायब, परत खाली यायचं. जूनच्या मध्यापर्यंत तो र मला माझ्या नेहमीच्या लयीत ऐकू यायला लागला. त्या दोनेक महिन्यांत एकही कार्यक्रम नव्हता आणि माझा एकही दिवस चुकला नाही, कारण रोज सकाळी मला काहीतरी बघायचं असायचं, आज आला का, कालच्यापेक्षा किती टिकला.

तुला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे रे. बसायला कार्यक्रम लागत नाही, एक अडलेली जागा लागते. कार्यक्रम असतो तेव्हा आपण जे करतो ती तालीम असते. गाणी ठरलेली, ठेके ठरलेले, कुठे लग्गी (जलद भरणा) लावायची कुठे तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन थांबायचं ते ठरलेलं, म्हणजे जे येतं तेच नीट लावून ठेवायचं, आणि त्यात चूक काहीच नाही, तालीम हवीच. पण तालमीला तारीख लागते, आणि तारीख गेली की तिचं कामच संपतं. तू दहा वर्षांतली शेवटची चार-पाच वर्षं बहुतेक तालीमच केली असणार, म्हणून चार तारखा गेल्यावर तुला करायला काही उरलं नाही असं वाटतंय. रियाज ही वेगळी गोष्ट. जे येत नाही त्याच्यापाशी बसायचं, आणि ते हंगामात जमत नाही, कारण शनिवारी कार्यक्रम असताना मंगळवारी हात मोडून परत बसवायचं धाडस कोणी करत नाही. मीही करत नव्हतो.

मग तुझी अडलेली जागा कोणती? मला माहीत नाही, मी तुला ऐकलेलं नाही. पण सुगमला वाजवणाऱ्यांच्यात बहुतेक वेळा जिथे गडबड असते ती सांगतो, करून बघ. मेट्रोनोमवर ऐंशीची लय ऐक, मग तो बंद कर, आणि नुसता केरवा, आपला आठ मात्रांचा साधा ताल, पाच मिनिटं वाजव. गाणं नाही, पेटी नाही, लग्गी नाही, एकही भरणा नाही. फोनवर रेकॉर्ड कर. मग पहिल्या अर्ध्या मिनिटाची आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाची लय मेट्रोनोमशी लावून बघ. बहुतेकांची पळालेली असते, ऐंशीची अठ्ठ्याऐंशी-नव्वद सहज झालेली असते. गाण्यात ते गायकाच्या अंगावर ढकलता येतं की गायक पळाला म्हणून मी पळालो, एकट्याने वाजवताना कोणावर ढकलणार? दुसरं, रूपक ताल घे, साठच्या लयीत. सात मात्रांचा, आणि समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली, म्हणजे डग्गा गप्प, त्यामुळे सवय नसली की डावा हात सारखा चुकीच्या जागी भरायला जातो. तिसरं म्हणजे आपला साधा दिल्लीचा कायदा, धा धा तिट धा धा तिं ना, ता ता तिट धा धा धिं ना, तो पन्नासच्या लयीत वाजव आणि फक्त डाव्या हाताकडे लक्ष दे, खालीत डग्गा खरंच गप्प बसतोय का. यातलं काहीतरी एक तुला टोचेलच. जे टोचेल ते घे, बाकीचं आत्ता सोड.

आणि एकच घे. दोन महिने न वाजवलेल्या हाताने कृपा करून चिल्ला वगैरे करायला जाऊ नकोस. चाळीस दिवस अमुक तास बसायचं हे वाचायला भारी वाटतं, ते करणारे लोक आधीपासून रोज चार-पाच तास बसणारे असतात. शून्यातून उठून तीन तास बसलास तर चौथ्या दिवशी मनगट धरेल आणि पाचव्या दिवसापासून परत गवसणी चढेल. तुला वीस मिनिटं पुरेत. शिफ्ट करून आलेल्या माणसाला वीस मिनिटंच खरी निघतात, आणि ती रोज निघाली तर फार आहेत.

गवसणीवरून आठवलं. ती काढूनच ठेव. तबला-डग्गा कपाटात, वर बॅग, त्यावर इस्त्रीचे कपडे असं असेल तर वीस मिनिटांतली सात त्यातच जातात आणि मुळात उठतच नाही माणूस. खोलीच्या कोपऱ्यात चुंबळीवर मांडून ठेव, वरून एक सुती कापड टाक, शेजारी हातोडी. आपल्याकडे खाडीकाठची दमट हवा, पावसाळ्यात पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडून स्वर उतरतो, जुलैत तर सकाळी लावलेला तबला रात्री उतरलेला असतो, त्यामुळे रोज लावावा लागतो. ते मी कटकट मानायचो, आता नाही मानत. गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या विणीवर) चारी बाजूंनी ठोकत, चाटेवर (पुडीच्या काठावर) ऐकत स्वर मिळवताना जी पाच मिनिटं जातात ना, त्यातच मन बसतं. न लावता वाजवायला बसू नकोस, बेसूर तबल्यावर कोणाचंच मन रमत नाही. फक्त उन्हात ठेवून सुकवू नकोस, पुडी तडकते.

शेजाऱ्यांचा प्रश्न असेल तर सरळ जाऊन विचार. तबल्याला लोक कंटाळत नाहीत, कधी थांबणार हे माहीत नसलं की कंटाळतात. मी खालच्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवलंय, सकाळी साडेसहा ते सव्वासात आणि संध्याकाळी सातनंतर, आजवर तक्रार नाही. अगदीच रात्री वाजवायचं असेल तर पुड्यांवर पातळ टॉवेल टाकून वाजव. नादाचं काम त्यात होत नाही पण बोटांचं होतं.

आणि तुझ्याकडे लोकल आहे! पढंत कर ना, म्हणजे बोल तोंडाने म्हण. मी बरीच वर्षं वाशीला शिकवायला जायचो, ट्रान्स हार्बरने, ठाण्याला चढलो की एक कायदा धरायचा आणि मनात त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांची वेगवेगळी रूपं, म्हणायचे, बोटांवर मात्रा मोजत. घणसोली-कोपरखैरणे येईपर्यंत तिहाईपर्यंत पोचायचो. पढंत करताना हात मधे येत नाहीत त्यामुळे बोल डोक्यात नीट बसलाय का हातच आपोआप चाललाय ते लगेच कळतं. तोंडाने अडखळतो तो बोल हातातही कच्चाच असतो, हे मी अगदी खात्रीने सांगतो. ऐरोली ते कोपरखैरणे तुला फार वेळ मिळत नाही, पण एक पलटा होतोच.

आता तुझा खरा प्रश्न, ऐकणार कोण. हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. आपण साथीदार आहोत. गायकाने मुखडा उचलला की आपण समेवर त्याला भेटतो, त्यासाठीच तर वाजवतो आपण, आणि ते एकट्याने भिंतीकडे बघत वाजवून मिळत नाही. काही जण म्हणतात स्वतःसाठी वाजव. एकल वादन करणाऱ्याला ते जमत असेल, मला नाही जमलं. मला एक कान लागतो, पण एकच पुरतो.

लॉकडाऊनमध्ये आम्ही आधी सगळ्यांसारखं व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवून बघितलं आणि जाम वैतागलो. ते का होत नाही हे समजून घे, नाहीतर उगाच वाटतं आपलंच चुकतंय. स्टेजवर गायक आपल्यापासून एक मीटरवर असतो, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे त्याचा स्वर आपल्याला तीन मिलिसेकंदांत पोचतो. कॉलवर दीडशे मिलिसेकंद उशीर सहज होतो. एकशे वीसच्या लयीत एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची, चौगुनीत, म्हणजे मात्रेला चार बोल वाजवताना, एक बोल सव्वाशेचा. म्हणजे तू अख्खा बोल मागे! त्याला वाटतं तू मागे पडलास, तो थांबतो, तुला वाटतं तो थांबला, तू थांबतोस, दोन मिनिटांत गाडी बंद.

मग डोंबिवलीच्या माझ्या एका पेटीवाल्या मित्राने युक्ती काढली. त्याने चंद्रकंस रागातला नगमा, म्हणजे परत परत वाजणारी पेटीची एक ओळ, तीनतालात साठ, ऐंशी आणि शंभरच्या लयीत दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करून पाठवला. मी तो कानात लावून वाजवायचो, दुसऱ्या फोनवर तबला रेकॉर्ड करायचो, आणि दर गुरुवारी रात्री नवाच्या आत त्याला तीन मिनिटांचा तुकडा पाठवायचो. हेडफोन वायरवालाच हवा बरं का, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो. त्याने उत्तरात एकच वाक्य लिहायचं असं ठरलं होतं. वाहवा नको, एकच वाक्य, काय ऐकलं ते. 'दुसऱ्या आवर्तनात खाली भरून टाकलीस.' 'आज घाईत होतास का.' एकदा नुसतं लिहिलं, 'र आला.' मी तो मेसेज अजून ठेवलाय.

नाट्यगृहं नोव्हेंबर २०२० मध्ये अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल २०२१ ला परत बंद झाली आणि मग थेट २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. गुरुवार त्या सगळ्या काळात चालू होता आणि आजही आहे, कार्यक्रम असोत नसोत.

तुझ्या ग्रुपमध्ये असा एक माणूस शोध. सगळा ग्रुप नको, ग्रुपवर टाकलं की अंगठे आणि हात जोडलेले येतात, त्याचा उपयोग नाही. एकच माणूस, ज्याचं खरं बोलणं तुला सहन होतं. त्या आजारी पडलेल्या गायिका बऱ्या होत असतील तर त्यांनाच विचारून बघ. त्यांचाही कार्यक्रम गेलाय, आणि तुझ्याइतकंच त्यांनाही वाईट वाटत असणार, कदाचित जास्त. त्यांनी तानपुऱ्यावर चार ओळी गाऊन पाठवल्या तर त्यावर दादरा ताल भरून परत पाठव. एकमेकांना भेटल्यासारखंच असतं ते.

आणि शक्य झालं तर महिन्यातून एकदा कोणाच्या तरी हॉलमध्ये, म्हणजे घरच्या हॉलमध्ये, बसा. माइक नाही, निवेदन नाही, सोसायटीतली पाच-सात माणसं, चहा. बिनमाइकचं वाजवणं फार शिकवतं. गायक पं. राम मराठे ठाण्यातच राहायचे, थोर तबलावादक थिरकवा खाँसाहेबांचे शिष्य पं. भाई गायतोंडे ठाण्याचेच, अशा लोकांच्या गावात आपण वाजवतो. भाईंचा तबला ज्यांनी समोर बसून ऐकलाय ते अजूनही एकेका बोलाच्या स्वच्छपणाबद्दल बोलतात. घरच्या बैठकीत तुझा बोल कुठे गढूळ आहे ते माइकच्या आड लपणार नाही.

परीक्षेचं विचारशील म्हणून सांगतो, गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ऑफिस तुझ्या जवळच वाशीला आहे, परीक्षा वर्षातून दोन सत्रांत असतात. तारखेशिवाय तुझं अजिबातच होत नसेल तर फॉर्म भर, हरकत नाही, रद्द न होणारी एक तारीख तरी हातात राहील. पण माझं मत विचारशील तर तुला आत्ता आणखी एका तारखेपेक्षा त्या अडलेल्या जागेची जास्त गरज आहे.

एक गोष्ट राहिली, पैशाची. तुला नोकरी आहे म्हणून तू ते लिहिलं नाहीस. पण तुझ्या ग्रुपमधल्या पेटीवाल्याचं किंवा साइड रिदमवाल्याचं घर जर यावरच चालत असेल, तर त्याला रियाज टिकव वगैरे सांगायला जाऊ नकोस. त्याला चार शिकवण्या मिळवून दे. मलाही एका आयोजकाने एकदा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बारा वाजता मेसेज करून रद्द झाल्याचं कळवलं होतं, मानधनाचं नावही काढलं नाही, आणि त्या महिन्यात माझ्या मुलीची फी भरायची होती. तेव्हा कोणी मला मन लावून बस म्हणालं असतं तर मला ऐकवलं नसतं. ज्या मित्राने तेव्हा दोन विद्यार्थी पाठवले त्याच्यामुळे मी परत बसलो.

आता तो काळी एकचा तबला. विकू नकोस. ग्रुपमध्ये आज बायका गातात म्हणून तुझा काळी चारचा वापरात आहे आणि हा पडून आहे, पण उद्या कोणी पुरुष गायक बोलावेल तेव्हा नवा घेताना हळहळशील, आणि वाजवून वाजवून उघडलेली पुडी नव्याला लगेच मिळत नाही. शिवाय रियाजाला तोच घे. त्यावरही र आला की नाही ते कळतंच, आणि पडून राहिलेला तबला वापरात येतो. आधी शाई कुठे उडालीय का ते उजेडात बघ, कडेने भेगा दिसल्या तर पुडी बदलून घे, वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) ढिली असेल तर ओढून घे. रविवारपर्यंत लावून ठेव आणि केरव्याची ती पाच मिनिटं मला पाठव, लय पळाली असली तरी तशीच पाठव, परत परत रेकॉर्ड करून चांगलं झालेलं नको. मी एकच वाक्य लिहीन.